तळाला भोक

ओरेलिया पोगेनपूल बाई
गाडीच्या टपावर बांधून घेऊन आल्या ती सर्फ-स्की,
चौऱ्याऐंशी सालची, माझ्याहून दोन वर्षांनी थोरली,
पिवळा रंग उन्हानं दुधाळ झालेला,
आणि पायांच्या खोबणीत
रसाची अर्धी कापलेली बाटली, दोरीनं बांधलेली.

म्हणाल्या, चाळीस वर्षं उपसतेय.
आता मनगट दुखतं.
हिला आपलं पाणी आपण सोडायला शिकव.

मी म्हटलं, सोपंय. तळाला भोक पाडायचं.

त्या हसल्या नाहीत.
फिश हूकच्या वाळूवर पोरांना त्यांनी
आयुष्यभर शिकवलं ते याच्या नेमकं उलटं.

होडी पळत असली
की तळाखालचं पाणी मागे निसटताना
आतल्या पाण्याला ओढून नेतं,
उघड्या खिडकीवरून वारा गेला
की घरातला पडदा बाहेर ओढला जातो, तसं.
थांबली, की तेच भोक
समुद्राला आत घेतं.
एवढंच शास्त्र. बाकी सगळं रेझिन आणि पॉलिशपेपर.

टाचा टेकून टेकून
खोबणीत दोन फिक्या वाट्या उमटल्या होत्या.
त्यांच्या मधोमध पेन्सिलीनं खूण केली.
लुखान्योनं होडी धरली.
बाई दारात जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या,
पोराला सुई टोचताना आई राहते तशा.

ड्रिल आत गेलं आणि मधेच
हलकं झालं. पोकळी.
जुन्या बनावटीत खोबणीचा तळ आणि होडीचा तळ
एकमेकांना चिकटलेले नसतात.
मध्ये दोन बोटं अंतर,
काही जोडप्यांत असतं तेवढं,
संसार चालतोच.

त्या अंतरातून पाणी आलं.
आधी थेंब, मग धार,
कोऱ्या चहाच्या रंगाचं, कुबट.
एक बादली भरली. दुसरी लावली.
लुखान्योनं मापून सांगितलं, अकरा लिटर.
कुठल्या साली, कुठल्या लाटेतलं,
केसाएवढ्या कुठल्या चिरेतून शिरून
बाटली पोचणार नाही अशा जागी
मुक्कामाला बसलेलं.

बाई आत आल्या. बादलीत बोट बुडवून
जिभेला लावलं.
अजून खारट आहे, म्हणाल्या.
बराच वेळ काही नाही.
मग: म्हणजे मी म्हातारी होत नव्हते.
ही जड होत होती.

दोन्ही होऊ शकतं
असं मी म्हणालो नाही.

चिरा बुजवल्या. दोन तळांमध्ये नळी बसवली,
भोवती रेझिन भरलं, दोन रात्री वाळू दिलं.
खाली स्टीलचा तिरका ओठ,
माशाच्या कल्ल्यासारखा किंचित उघडा.

शनिवारी साउथ-ईस्टर सुटला.
मिलर्स पॉइंटवरून त्या पुढे, मी मागे.
पहिलीच लाट खोबणीत भसकन ओतली गेली.
बाईंचा हात सवयीनं बाटलीकडे वळला
(काढून ठेवा म्हणून मी दोनदा सांगितलेलं)
आणि वाटेतच थांबला,
कारण खालून आवाज आला,
ताट तोंडाला लावून
शेवटच्या आमटीचा मारावा तसा भुरका.
खोबणी कोरडी.
त्या मोठ्यानं काहीतरी ओरडल्या,
वाऱ्यानं ते माझ्यापर्यंत येऊ दिलं नाही.

रोमन रॉकपाशी मात्र त्यांनी वल्हं आडवं धरलं.
सील उताणे पडून बघत होते.
थांबू नका, मी ओरडलो, पाणी चढेल!
चढलंच. घोट्यांपर्यंत, बर्फासारखं.

उपसायला थांबायचे ना,
तेव्हाच हा डोंगर बघायचे मी, त्या म्हणाल्या.
आता कुठल्या निमित्तानं थांबू?

मला उत्तर सुचलं नाही.
त्यांनी बाटली सोडली, पाणी भरलं,
बाहेर ओतलं, परत भरलं,
डोंगराकडे बघत, अजिबात घाई न करता,
तिकडे भोक तेवढंच पाणी परत आत घेत होतं.

बिलावर लिहिलं: नळी एक, झडप एक, मजुरी.
ते अकरा लिटर कुठे मांडायचे कळेना.
बादल्या अजून मागच्या भिंतीशी आहेत.
लुखान्यो रोज विचारतो, ओतू का.